बाळाच्या साबणात खोबरेल किती? घरच्या सौम्य साबणासाठी तेलांची निवड

घरी बाळासाठी साबण करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला हात खोबरेलाच्या बरणीकडे जातो. मालिशीला तेच, टाळूला तेच, मग साबणालाही तेच. पण त्वचेवर इतकं मऊ लागणारं खोबरेल साबण झालं की स्वयंपाकघरातल्या सगळ्या तेलांत जास्त कोरडेपणा आणणारं ठरतं. बाळाचा साबण सौम्य होतो तो महागडं तेल ओतल्यामुळे नाही. खोबरेलाचं प्रमाण आवरतं घेतल्यामुळे, कॉस्टिक (तेलाचा साबण करणारा तीव्र अल्क, म्हणजे कॉस्टिक सोडा) अचूक मोजल्यामुळे आणि वड्या पुरेशा मुरू दिल्यामुळे तो सौम्य होतो. या लेखात भर तेलांच्या निवडीवर आहे, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगते. घरी केलेला खरा साबण, म्हणजे तेल आणि कॉस्टिकपासून झालेला, अल्कधर्मीच असतो, त्याचा पीएच (आम्लता-अल्कता मोजायचं माप, ७ म्हणजे उदासीन) साधारण ९ ते १० असतो. मोठ्यांच्या त्वचेचा पीएच साधारण साडेपाचच्या आसपास असतो. नवजात बाळाची त्वचा जन्मतः जवळजवळ उदासीन असते आणि पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत तिच्यावर ते आम्लधर्मी संरक्षण तयार होतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत साबणाची गरजच नसते, कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. पहिली आंघोळसुद्धा जन्मानंतर निदान २४ तास थांबून घालावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानंतरही आठवड्यातून दोन-तीनदा, मानेच्या-मांड्यांच्या घड्या, हात-पाय आणि लंगोटाचा भाग एवढ्यापुरताच साबण वापरला तर चालतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, अंगावर एक्झिमाचे चट्टे असतील किंवा त्वचा कुठे फाटलेली असेल, तर घरचा काय, विकतचाही खरा साबण लावू नका. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ सांगतील ते त्वचेच्या पीएचला जुळणारं क्लीन्झर घ्या.

तेलाचं साबणात काय होतं

कुठलंही तेल घ्या, त्याच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्लं (फॅटी ॲसिड) जोडलेली असतात. कॉस्टिक सोड्याचं द्रावण ही जोडणी तोडतं. मेदाम्लं सोडियमशी जुळून साबण होतात, ग्लिसरीन मोकळं होऊन साबणातच राहतं. म्हणजे वडी तयार झाल्यावर तिच्यात ‘बदाम तेल’ किंवा ‘ऑलिव्ह तेल’ असं फारसं उरत नाही. त्यातल्या मेदाम्लांचे क्षार उरतात, शिवाय साबण न होणारा थोडा अंश आणि आपण मुद्दाम शिल्लक ठेवलेलं थोडं तेल. म्हणूनच ‘हे तेल बाळाच्या अंगाला छान’ आणि ‘या तेलाचा साबण बाळाला छान’ ही दोन वेगळी विधानं आहेत. तेल निवडताना त्याच्या कीर्तीपेक्षा त्यात कुठली मेदाम्लं किती आहेत ते पाहायचं.

लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लं भरपूर, मोठ्या बुडबुड्यांचा फेस देतात आणि तेलकटपणा जोरात काढतात. त्या जोरात त्वचेचं स्वतःचं तेलही निघून जातं. पामिटिक आणि स्टिअरिक वडीला टणकपणा देतात, फेस साईसारखा दाट आणि टिकाऊ करतात. ओलिक सौम्य असतं, पण त्याचा फेस कमी आणि थोडा बुळबुळीत येतो. लिनोलिक आणि लिनोलेनिक त्वचेवर मऊ लागतात, मात्र ती लवकर खवट होतात. त्यांचं प्रमाण जास्त झालं तर महिन्या-दोन महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके येतात आणि जुन्या तेलाचा वास सुटतो. एरंडेलातलं रिसिनोलिक या सगळ्यांहून वेगळं आहे, ते फेसाला उभं राहायला मदत करतं.

बाळाच्या साबणासाठी मी धरते ती चौकट अशी: लॉरिक आणि मिरिस्टिक मिळून १० टक्क्यांच्या आसपास, लिनोलिक-लिनोलेनिक मिळून १५ टक्क्यांच्या खाली, निम्मा भाग ओलिकचा, आणि वीसेक टक्के पामिटिक-स्टिअरिक. पुढची सगळी निवड या चौकटीत बसते.

खोबरेल: हवंच, पण थोडं

खोबरेलात साधारण ४८ टक्के लॉरिक आणि १९ टक्के मिरिस्टिक असतं. त्याचा साबण इतका विरघळणारा असतो की समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून जहाजांवर वापरायच्या साबणात खोबरेल असे. धुण्याच्या साबणाला हा गुण सोन्यासारखा, पण बाळाच्या कातडीला नको तितका.

खोबरेल पूर्ण काढून टाकलं तर काय होईल? साबण सौम्य होईल, पण फेस नावापुरताच येईल, वडी विरघळायला वेळ लागेल आणि धुणारा माणूस ती बाळाच्या अंगावर जोरजोरात घासत राहील. ते घासणंही चांगलं नाही. म्हणून १५ टक्के खोबरेल ठेवावं. २० टक्क्यांच्या वर बाळासाठी जाऊ नये. बाजारात वा आंतरजालावर दिसणाऱ्या पाककृतींत ३० टक्के खोबरेल सर्रास असतं. ते मोठ्यांच्या आंघोळीचं प्रमाण आहे.

लाकडी घाण्याचं, व्हर्जिन की साधं रिफाइंड, याने साबणात फरक पडत नाही, मेदाम्लं तीच. घाण्याचं सुगंधी खोबरेल मालिशीला ठेवा. साबणाला खाण्याचं शुद्ध, बिनवासाचं खोबरेल घ्या. सुवासिक ‘हेअर ऑइल’ मात्र अजिबात नको. ते का, ते पुढे लेबलाच्या भागात सांगितलं आहे.

मुख्य तेल: ऑलिव्ह, आणि ते परवडत नसेल तर

निम्म्याहून अधिक भाग ओलिक-प्रधान तेलाचा असावा. भूमध्य समुद्राभोवती, पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसपासून फ्रान्समधल्या मार्सेपर्यंत, शतकानुशतकं ऑलिव्ह तेलाचाच साबण झाला, याचं कारण ते तिथलं रोजचं तेल होतं. त्या साबणाची सौम्यता खरी आहे, त्यासाठी लागणारा धीरही तितकाच खरा. निव्वळ ऑलिव्हचा साबण सहा महिने ते वर्षभर मुरल्याशिवाय चांगला होत नाही, आधी वापरला तर तार सुटल्यासारखा चिकट फेस देतो. मिश्रणात ५०-५५ टक्के ऑलिव्ह घेतलं आणि बाकी टणकपणा देणारे घटक घातले की ती वाट दोन महिन्यांवर येते.

एक्स्ट्रा व्हर्जिन घेऊ नका, ते कोशिंबिरीला ठेवा. साबणाला साधं रिफाइंड किंवा पोमेस ऑलिव्ह (तेल काढून उरलेल्या चोथ्यातून काढलेलं) उत्तम. पोमेस घातलं की साबणाचं मिश्रण ढवळताना लवकर घट्ट होतं, तेवढी तयारी ठेवा.

ऑलिव्ह महाग वाटत असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, ५५ ऐवजी ३० टक्के ऑलिव्ह आणि २५ टक्के पामतेल. पामतेलात साधारण ४४ टक्के पामिटिक आणि ३९ टक्के ओलिक असतं, वडी टणक होते आणि लवकर वापरायला येते. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: हाय ओलिक करडई किंवा हाय ओलिक सूर्यफूल. इथे नीट लक्ष द्या. मराठवाडा-सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जाणारं नेहमीचं करडईचं तेल ७० टक्क्यांहून जास्त लिनोलिकचं असतं. खायला ते उत्तम, पण साबणात मुख्य तेल म्हणून घेतलं तर वड्या मुरायच्या आत खवट होतील. हाय ओलिक वाणाच्या तेलात मेदाम्लांचं गणित नेमकं उलटं असतं आणि ते ऑलिव्हच्या जागी जवळजवळ तसंच चालतं. डब्यावर ‘हाय ओलिक’ असं छापलेलं असलं तरच घ्या. नेहमीच्या सूर्यफुलालाही हाच नियम: १० टक्क्यांच्या वर नको.

तांदळाच्या कोंड्याचं तेल, म्हणजे राइस ब्रान, आपल्याकडे आता सहज मिळतं. त्यात सुमारे ३४ टक्के लिनोलिक आहे, पण पामिटिकही २० टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे वडीला अंग येतं. मिश्रणात १०-१५ टक्के राइस ब्रान घातलं की फेस मऊ लागतो.

कोकमतेल: कोकणाची आणि गोव्याची देणगी

इंग्रजी पाककृतींत टणकपणासाठी शिया बटर, कोको बटर किंवा गाईची चरबी सांगतात. आपल्याकडे त्यांच्या जागी बसेल असं तेल शेकडो वर्षं वापरात आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात कोकमाच्या वाळवलेल्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर तरंगणारं तेल काढतात आणि ते निवताना मुठीत वळून त्याचे गोळे करतात. टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना ते लावायची पद्धत घरोघरी आहे.

कोकमतेलात साधारण ५६ टक्के स्टिअरिक आणि ३६ टक्के ओलिक असतं. लॉरिक नसल्यातच जमा आणि लिनोलिक जेमतेम. म्हणजे टणकपणा, दाट फेस आणि टिकाऊपणा मिळतो, आणि त्वचा ओरबाडली जात नाही. बाळाच्या साबणासाठी याहून योग्य घट्ट स्निग्ध पदार्थ मला माहीत नाही. १० ते १५ टक्के पुरे. त्याहून जास्त घातलं तर वडी ठिसूळ होते, कापताना तुकडे पडतात.

विकत घेताना गोळा हाताळून पाहा. खरं कोकमतेल कडक असतं, नखाने खरवडलं तर पापुद्रे निघतात, आणि मुठीत धरून ठेवलं की हळूहळू विरघळायला लागतं. थंड खोलीतही बोटाला लोण्यासारखं लागत असेल तर त्यात वनस्पती तूप मिसळल्याचा संशय घ्या. घरगुती गोळ्यांत पाणी आणि बियांचा गाळ राहिलेला असतो. म्हणून आधी मंद आचेवर वितळवा, तडतड थांबेपर्यंत ठेवा आणि मलमलच्या कापडातून गाळून घ्या. वजन गाळल्यानंतरच करायचं.

परदेशात किंवा विदर्भ-मराठवाड्यात कोकमतेल मिळालं नाही, तर मँगो बटर (आंब्याच्या कोयीतलं तेल) किंवा शिया बटर घ्या. दोन्ही थोडी मऊ आहेत, पण चालतात.

एरंडेल

पाच-सहा टक्के, बस्स. खोबरेल कमी केल्यामुळे फेसात जी तूट येते, ती एरंडेल बऱ्यापैकी भरून काढतं. १० टक्क्यांच्या वर गेलं की वडी चिकट होते.

बाजूला ठेवायची तेलं

शेंगदाण्याचं तेल, म्हणजे आपलं गोडेतेल, मेदाम्लांच्या हिशेबाने वाईट नाही. तरीही बाळासाठी मी ते घेत नाही. ब्रिटनमध्ये मुलांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात शेंगदाणा तेल असलेली मलमं अंगाला लावलेल्या बाळांमध्ये पुढे शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण जास्त आढळलं, विशेषतः पुरळ उठलेल्या त्वचेवर ती लावली असतील तर. घाण्याच्या कच्च्या तेलात दाण्याची प्रथिनं राहतात. कॉस्टिकमध्ये त्यातली बरीच मोडतात हे खरं, पण जे तेल घालून काही खास मिळत नाही, त्यासाठी एवढीही जोखीम कशाला? तिळाच्या आणि बदामाच्या तेलालाही हीच सावधगिरी. घालायचंच असेल तर रिफाइंड आणि १० टक्क्यांच्या आत. घरात कुणाला तीळ किंवा सुकामेवा सोसत नसेल तर मुळीच नको. शिवाय बदाम तेल साबणात घालणं म्हणजे ते कॉस्टिकला खाऊ घालणं. अंगाला चोळाल तर त्याचे पैसे तरी वसूल होतील.

मोहरीचं तेल तिखट आणि झोंबणारं, ते नको. कडुनिंबाचं आणि करंजाचं तेल मोठ्यांच्या साबणात घालतात, बाळाच्या नाही. वास उग्र असतो आणि बाळ हात तोंडात घालतंच. कडुनिंबाचं तेल पोटात गेल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी भारतातच आहेत.

तुपाबद्दल खूप जण विचारतात. साजूक तुपात ब्युटिरिक आम्ल असतं. साबणात शिल्लक राहिलेलं तूप काही आठवड्यांत आंबूस वास मारतं. तूप बाळाच्या पोटात जाऊ दे किंवा शतधौत घृत (पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप) करून अंगाला लावा, साबणात त्याचं मोल होत नाही. वनस्पती तुपाचा प्रश्न वेगळा आहे. ते कशाकशाचं मिश्रण आहे हे डब्यागणिक बदलतं, त्यामुळे कॉस्टिक किती घ्यायचं हे ठरवताच येत नाही. तळणीचं उरलेलं तेल तर अंगाच्या कुठल्याच साबणाला नको.

तेलाबरोबर घालायच्या वस्तूंचंही इथेच सांगून टाकते: काही घालू नका. सुगंधी तेलं, कापूर, हळद, चंदन, मुलतानी माती, बेसन, दूध, ओट्स, यातलं काहीही नाही. जपानमध्ये गव्हाचं विघटित प्रथिन घातलेला एक चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली होती. त्वचेवाटे अन्नातली प्रथिनं रोज आत जाणं किती महागात पडू शकतं, याचा तो धडा आहे. बाळाचा साबण बिनवासाचा आणि फिकट पिवळसर असला की तो चांगला साबण समजा.

बाटलीवरचं लेबल वाचा

हा भाग घाईत सोडून देऊ नका, यात सुरक्षेचा प्रश्न आहे. ‘बेबी मसाज ऑलिव्ह ऑइल’ किंवा ‘कोकोनट हेअर ऑइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत मिनरल ऑइल, म्हणजे लिक्विड पॅराफिन, मिसळलेलं असतं. खनिज तेलाचा साबण होतच नाही. तुम्ही पूर्ण बाटली ऑलिव्ह समजून कॉस्टिक मोजाल आणि त्यातल्या तीस टक्क्यांनी कॉस्टिक घेतलंच नाही, तर ते सगळं कॉस्टिक वडीत मोकळं राहील. अशा वडीने बाळाची त्वचा भाजू शकते.

म्हणून सगळी तेलं खाद्यतेलाच्या दुकानातून, एकाच तेलाचं नाव असलेली घ्या. ‘मिश्र खाद्यतेल’ असं बारीक अक्षरात लिहिलं असेल तर ती पिशवी परत ठेवा. एरंडेल औषधाच्या दुकानातून घ्या. बाटली उघडल्यावर वास घ्या, रंगाचा किंवा जुन्या शेंगदाण्याचा वास आला तर ते तेल आधीच खवट आहे.

कॉस्टिकचं गणित

प्रत्येक तेलाला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याचा आकडा वेगळा असतो. एक ग्रॅम तेलामागे लागणारं कॉस्टिक, ग्रॅममध्ये: खोबरेल ०.१८३, पामतेल ०.१४२, ऑलिव्ह ०.१३५, कोकमतेल ०.१३५, मँगो बटर ०.१३६, राइस ब्रान ०.१३३, शिया ०.१२८, एरंडेल ०.१२८.

आता ५०० ग्रॅम तेलांची पाककृती:

ऑलिव्ह ५५ टक्के, २७५ ग्रॅम × ०.१३५ = ३७.१
खोबरेल १५ टक्के, ७५ ग्रॅम × ०.१८३ = १३.७
कोकमतेल १२ टक्के, ६० ग्रॅम × ०.१३५ = ८.१
राइस ब्रान १२ टक्के, ६० ग्रॅम × ०.१३३ = ८.०
एरंडेल ६ टक्के, ३० ग्रॅम × ०.१२८ = ३.८

बेरीज ७०.७ ग्रॅम. एवढं कॉस्टिक घातलं तर सगळं तेल साबण होईल. बाळासाठी ८ टक्के तेल शिल्लक ठेवायचं, याला सुपरफॅट म्हणतात. ७०.७ × ०.९२ = ६५ ग्रॅम कॉस्टिक. पाणी त्याच्या दुप्पट, १३० ग्रॅम. पामतेलाची पर्यायी कृती (१५० ग्रॅम ऑलिव्ह, १२५ ग्रॅम पाम, बाकी तसंच) करायची असेल तर कॉस्टिक ६६ ग्रॅम येतं.

हे ८ टक्के केवळ मऊपणासाठी नाहीत, ती चुकीला ठेवलेली जागाही आहे. ती किती अरुंद आहे ते पाहा: ५.७ ग्रॅम कॉस्टिक. खोबरेल संपलं म्हणून त्याच्या जागी ७५ ग्रॅम ऑलिव्ह घातलं आणि गणित बदललं नाही, तर एवढ्यानेच ३.६ ग्रॅम कॉस्टिक जास्त होतं. म्हणून एकही तेल बदललं तरी बेरीज पुन्हा करायची.

बाजारातलं कॉस्टिक साधारण ९७-९८ टक्के शुद्ध असतं आणि हवेतला ओलावा ओढून ते आणखी कमजोर होतं. त्याची भरपाई म्हणून वजन वाढवू नका. १०० टक्के शुद्ध धरूनच मोजा. चूक झालीच तर तेल थोडं जास्त उरेल, आणि बाळाच्या साबणात चूक त्याच बाजूला झालेली बरी. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, नुसत्या एक ग्रॅमच्या काट्यावर ६५ ग्रॅम मोजताना दीड टक्क्याचा फरक सहज पडतो. याच कारणासाठी ५०० ग्रॅम तेलापेक्षा लहान घाणा करू नका. चमचे-वाट्यांनी मोजून साबण होत नाही.

तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर साबण पाण्यातल्या चुन्याशी जुळून चिकट थर धरतो आणि तो बाळाच्या घड्यांत अडकून राहतो. यावर उपाय आहे. पाण्यात आधी ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि त्यासाठी ३ ग्रॅम कॉस्टिक जास्त घ्या, म्हणजे एकूण ६८. नळाचं पाणी मऊ असेल तर हे टाळा. आणि पीएच उतरवायला म्हणून तयार साबणात लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका. त्याने साबण मोडून पुन्हा मेदाम्लं सुटतात, फेस जातो, पीएच फारसा हलत नाही.

करायची पद्धत

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडा. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईत, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वड्यांना घाम सुटतो आणि त्या लवकर खवट होतात.

ज्या दिवशी साबण कराल त्या दिवशी बाळ आणि घरातली इतर मुलं दुसऱ्या कुणाकडे असू द्या. झोपलं आहे तेवढ्यात उरकते, असं नको. रबरी हातमोजे, डोळ्यांना बंदिस्त चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत बूट घाला. भांडी स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं कधीही नको, कॉस्टिक त्याला खातं आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाहीत.

१. डिस्टिल्ड किंवा आरओचं थंड पाणी मोजा. गॅलरीत किंवा खिडकीपाशी उभं राहून पाण्यात थोडं थोडं कॉस्टिक घाला आणि ढवळा. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळतं. द्रावण ८० अंशांच्या पुढे तापतं, वाफेवर तोंड धरू नका. त्वचेवर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली धरा, व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेलं तर निदान २० मिनिटं पाण्याने धुवत राहा आणि लगेच रुग्णालयात जा.

२. कोकमतेल आणि खोबरेल मंद आचेवर पूर्ण वितळवा, मग पातळ तेलं घाला. कोकमतेल अर्धवट वितळलेलं राहिलं तर वडीत पांढरे ठिपके दिसतात.

३. तेलं आणि द्रावण दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आली की द्रावण तेलात ओता. याहून थंड केलं तर कोकमतेल आळायला लागतं आणि साबण झाल्याचा भास होतो.

४. हँड ब्लेंडर थोडा वेळ चालवा, थांबवा, हाताने ढवळा, पुन्हा चालवा. वर उचललेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ सोडून जाते, त्याला ट्रेस म्हणतात. पातळ कढीइतकं झालं की थांबा.

५. सिलिकॉनच्या साच्यात किंवा बटर पेपर लावलेल्या लाकडी खोक्यात ओता आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा. दोन दिवसांनी हातमोजे घालूनच बाहेर काढा आणि सात वड्या कापा.

मुरवणं आणि तपासणं

वड्या एकमेकींना न लावता, वेताच्या टोपलीत किंवा कागद घातलेल्या रॅकवर, सावलीत आणि वाऱ्याला ठेवा. आठवड्यातून एकदा उलटा. मोठ्यांच्या साबणाला चार ते सहा आठवडे पुरतात, या मिश्रणाला मी आठ आठवडे देते. मुरल्याने पीएच फारसा उतरत नाही. पाणी उडतं, वडी टणक होते आणि फेस मऊ होतो. एका वडीचं वजन दर आठवड्याला करा. ते उतरायचं जवळपास थांबलं की साबण तयार झाला.

वडी कापल्यावर आत पांढरे खडे, पाण्याचे कप्पे किंवा वेगळं झालेलं तेल दिसलं, तर तो घाणा बाळासाठी बाद. वितळवून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. वडी चांगली दिसली तरी ओल्या बोटावर थोडा साबण घेऊन तो जिभेच्या टोकाला क्षणभर लावा. साबणाची कडवट चव आली तर ठीक, झिणझिणी आली तर कॉस्टिक मोकळं आहे, तो वापरू नका. हे झाल्यावर आठवडाभर स्वतःचे हात आणि कोपराच्या आतली नाजूक बाजू त्याच साबणाने धुवा. त्वचा ओढल्यासारखी वाटली नाही, लाली आली नाही, तर मग बाळ.

बाळालाही पहिल्यांदा फक्त एका पायाला लावा आणि दोन दिवस पाहा. साबण थेट वडीने घासू नका. आपल्या तळहातावर फेस करायचा, तो लावायचा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचा. घरचा साबण डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे डोकं धुताना कपाळावर हात आडवा धरा. मालिश करून आंघोळ घालत असाल तर तेलाचा शेवटचा अंश निघेपर्यंत साबण लावत बसू नका, तेवढं पातळ तेल अंगावर राहू द्या.

उरलेल्या वड्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नाही. प्रत्येकीवर केल्याची तारीख आणि तेलांची नावं लिहा. नारिंगी ठिपके किंवा खवट वास आला की ती वडी भांड्यांना किंवा कपड्यांना लावा. मैत्रिणीच्या बाळाला द्यायची असेल तर तेलांची यादी सोबत द्या, त्यांच्या घरात कुणाला काय सोसत नाही हे आपल्याला माहीत नसतं. विकायचा विचार असेल, तर त्याआधी सौंदर्यप्रसाधनं बनवण्याचा परवाना काढावा लागतो, ‘कॉस्मेटिक्स रूल्स २०२०’ त्यालाच लागू आहेत.